गाडीचं गाव कोणतं?

दीड लाखात मिळणारी, दीड लाख किलोमीटरच्या आसपास पळालेली गाडी घ्यावी की नाही? उत्तर मीटरवर सापडत नाही. ते शोधायला कुर्ल्यापासून कऱ्हाडपर्यंत एक चक्कर मारावी लागते...

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला पुण्यातून बाहेर पडणारा कुठलाही मोठा रस्ता पकडा. सोलापूर रोड, नगर रोड, सातारा रोड... कुठे ना कुठे पत्र्याची शेड, रंगीत पताका आणि उन्हात चकाकणाऱ्या वीस-पंचवीस गाड्यांची रांग दिसणारच. टायरला काळं पॉलिश, डॅशबोर्डवर स्प्रे मारलेला, आत लिंबाच्या वासाचं परफ्यूम आणि पुढच्या काचेवर मार्करने लिहिलेला आकडा. खाली ठरलेला मजकूर : ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’.

रांगेच्या अगदी टोकाला दोन-तीन गाड्या अशा असतात, की ज्यांच्यावर पॉलिशचा खर्चही यार्डवाल्याने जपून केलेला असतो. किंमत दीड-दोन लाख, वय दहा-बारा वर्षं आणि मीटर एक लाखाच्या पुढे. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी त्यांच्याचभोवती! पहिल्या नोकरीतला आयटीवाला, पोटाशी बाळ धरून आलेलं जोडपं, स्वतःचं छोटं काम सुरू केलेला इंटीरियर डिझायनर. नव्या गाडीचा ईएमआय झेपत नाही आणि पावसात टू-व्हीलर नकोशी झालीय, अशी ही सगळी मंडळी.

यंदा त्या गर्दीत मीही होते. आई-बाबा चिपळूणला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि दर दोन महिन्यांनी तिला डॉक्टरांकडे आणावं लागतं. एसटीची पायरी तिला चढवत नाही. दर वेळी भाड्याची गाडी केली तर जाऊन-येऊन आठ-नऊ हजार उडतात. मी पडले फ्रीलान्सर! कर्ज मागायला गेलं की बँक पहिली सॅलरी स्लिप मागते, आणि ती माझ्याकडे नाही. होते ते रोख दोन लाख दहा हजार. त्यातच गाडी, तिची डागडुजी, इन्शुरन्स, सगळं बसवायचं होतं.

बजेट कमी असलं तरी रस्ता साधा नव्हता. पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. एका बाजूला दरी, शेजारच्या सीटवर आई आणि पावसाळ्यात चार हातांवरचं न दाखवणारं धुकं. अशा ठिकाणी ‘बघू, जाईल चालून’ हा अॅटिट्यूड कामाचा नाही.

आकड्याचा फंडा

दत्तवाडीत आमच्या स्कूटरचे मेकॅनिक आहेत. पूर्वी त्यांनी बरीच वर्षं चारचाकीच्या गॅरेजमध्ये काम केलंय. त्यांच्यासमोर मी जाहिरातींची यादी टाकली. ‘बघा ना काका, ही बेचाळीस हजार चाललीय आणि ही एक लाख अडतीस हजार. पहिलीच बरी ना?’ काकांनी हात पुसत यादीकडे पाहिलं. ‘ताई, किलोमीटर किती ते नंतर विचारा. झाले कुठं, ते आधी विचारा.’

वाक्य साधं आहे, पण त्यात गणित आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाटाचा भाग सोडला तर टॉप गिअर टाकायचा आणि क्लच विसरून जायचं. आता हेच अंतर लक्ष्मी रोड, टिळक रोड आणि सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कापून बघा. दर पन्नास फुटांवर क्लच, ब्रेक, पहिला गिअर, पुन्हा क्लच. मीटरवर दोन्हीकडे तेवढेच किलोमीटर पडतात. इंजिन, क्लच आणि ब्रेकची झीज मात्र वेगळी असते.

हिशेबच करायचा तर, हायवेला सरासरी ताशी ६० चा वेग धरला तर १ लाख ४० हजार किलोमीटरसाठी इंजिन सुमारे २,३०० तास चालतं. शहरात ताशी १८ च्या वेगाने ७० हजार किलोमीटर झालेल्या गाडीचं इंजिन मात्र ३,९०० तासांच्या आसपास चाललेलं असतं. म्हणजे निम्मे किलोमीटर आणि दीडपटीहून जास्त काम! त्यातही शहरातल्या तासांमध्ये सिग्नलला उभं राहून तापणं धरलेलंच नाही.

वयाने आकडा भागून बघणंही महत्त्वाचं. बारा वर्षांत १ लाख ३८ हजार म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार, दिवसाला जेमतेम ३२ किलोमीटर. हे काही ‘जाम पळवलेली’ गाडीचं लक्षण नाही. याउलट तीन-चार वर्षांत तेवढेच झाले असतील, तर गाडी आधी टॅक्सी परमिटवर होती का, हे विचारा. आणि बारा वर्षांत फक्त २५ हजार? मग एक तर मीटर मागे फिरवलंय, नाही तर गाडी वर्षानुवर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलीय. उभ्या गाडीचे टायर, रबरी पाइप, बॅटरी आणि ऑइल सील न चालताही म्हातारे होतात.

तर मंडळी, प्रत्येक गाडीला तिचं गाव विचारायचं ठरलं. पुढचे तीन वीकेंड मी तेच केलं.

कुर्ला : पाण्याची रेघ

पहिली गाडी मुंबईत होती. २०१४ ची सेडान, ४२ हजार किलोमीटर, किंमत १ लाख ३५ हजार. एवढ्या स्वस्तात? अंधेरीला जाण्याआधी वाकडी वाट करून कुर्ल्याला गेले. स्वस्त गाड्यांचा विषय निघाला की कुर्ल्याचा सीएसटी रोड एकदा तरी पाहायलाच हवा. गॅरेज, भंगारवाले, जुन्या पार्ट्सची दुकानं. सुट्टे दरवाजे पुस्तकांसारखे उभे रचलेले, हेडलाइट्स दोरीला टांगलेले, आणि कुठल्याशा गाडीचं अख्खं नाक भिंतीला टेकून ठेवलेलं. एका दुकानात रस्त्यावरून कधीच्या गायब झालेल्या गाडीचा आरसा एक जण हातात घेऊन निरखत होता, जणू साडीचा पोत बघतोय!

या शहराच्या गाड्यांना दोन शत्रू : खारी हवा आणि पाणी. समुद्राजवळ उघड्यावर लावलेल्या गाडीचा गंज वरून दिसत नाही. तो खाली, दरवाजाच्या कडांना आणि सायलेन्सरच्या जोडांना असतो. पाण्याचं तर काय सांगायचं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोक रस्त्यातच गाड्या सोडून चालत घरी गेले. त्या वर्षीच्या गाड्या आता बाजारात फारशा नसतील. पण त्यानंतर २०१५ चा चेन्नईचा पूर आला, ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आला, त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या. आणि २२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात गेलं.

माझ्या मामाची गाडी त्या दिवशी टपापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर त्याने ती धुतली, वाळवली, सीट काढून उन्हात ठेवल्या. तरी पुढे महिनाभर सीटबेल्ट ओढला की बारीक गाळ झडायचा. बुडालेल्या गाड्या विमा कंपनीने निकालात काढल्या तरी जातात कुठे? काही सुट्ट्या होतात, काही लिलावात विकल्या जातात, आणि त्यातल्या काही घासूनपुसून दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत उगवतात.

अंधेरीच्या गाडीचे सीट कव्हर करकरीत नवे. आत परफ्यूम इतका की डोकं चढावं. मालक म्हणाले, ‘मॅडम, गाडी लोणावळ्याच्या पुढे कधी गेलीच नाही.’ मी मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाजवळ आडवी तपकिरी रेघ. दुसरा ओढला. तशीच रेघ, तेवढ्याच उंचीवर.

‘चहा सांडला असेल हो,’ मालक म्हणाले.

दोन्ही बेल्टवर, एकाच उंचीवर? सीटखालच्या पट्ट्याही गंजल्या होत्या, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात माती घट्ट बसलेली. शिवाय ४२ हजाराच्या मानाने ब्रेक पेडलचं रबर फारच गुळगुळीत. मी इंजिन सुरू करा म्हणालेच नाही. बुडालेली गाडी त्या दिवशी उत्तम चालू शकते. त्रास देतात त्या आतल्या वायरी. कनेक्टर आतून हळूहळू सडतात आणि मग एखाद्या रात्री वायपर, दिवे किंवा अख्खं इंजिन बंद पडतं. शहरात असं झालं तर टोइंग मागवता येतं. घाटात, पावसात, रात्री अकरा वाजता?

पुण्यात दिल्ली

दुसऱ्या शनिवारी पुण्यातल्याच एका यार्डात ‘डीएल’ नंबरची पांढरी डिझेल सेडान दिसली. सॉलिड गाडी! रुंद सीट, थंडगार एसी, किंमत १ लाख ६० हजार. पुण्याच्या नंबरची तशीच गाडी शेजारी उभी होती, तिच्यावर जवळपास दुप्पट आकडा.

या स्वस्ताईचं मूळ दिल्लीच्या हवेत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीच भूमिका कायम ठेवली. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने या बंदीच्या अंमलबजावणीत फेरबदलही केले. पण मधल्या काळात दहाव्या वर्षाला टेकलेली डिझेल गाडी दिल्लीबाहेर विकण्याची रीतच पडून गेली. तिकडे जिचा काळ संपत आलेला, तिला इकडे अजून पाच वर्षं रजिस्ट्रेशन शिल्लक.

दिल्लीच्या कोरड्या हवेत पत्रा छान राहतो, हे खरं. काकांनी खाली वाकून बघितलं, गंज जवळपास नाही. पण कागदांचं काय? परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी आणून ती इथे पुन्हा नोंदवावी लागते, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. यार्डवाला म्हणाला, ‘मॅडम, डीएलवरच फिरवा ना. कोण विचारतंय?’ पहिल्याच नाक्यावर विचारतात, हे त्यालाही माहीत होतं.

त्यात काकांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. इंजिनाची खरी तब्येत कळते ती सकाळच्या पहिल्या, थंड स्टार्टला. ते थांबले, तासाभराने बॉनेट निवल्यावर चावी फिरवली. सुरू व्हायला कुरकुर, मग काळा धूर. ‘इंजेक्टर आलेत कामाला. टर्बोपण शिटी मारतोय. दोन्ही केलं तर गाडीच्या निम्म्या किमतीला जाईल,’ काका हळूच म्हणाले. डिझेल इंजिन लांब पल्ल्याला टिकतं, यात वाद नाही. पण ते बिघडलं की बिलही लांब पल्ल्याचं येतं. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्या माझ्यासारखीला डिझेलने वाचवलेले पैसे ते बिल कधीच भरून देणार नाहीत.

नाना पेठेतला हिशेब

‘आता गाड्या बघणं बंद,’ काका म्हणाले. ‘आधी पार्टचे भाव बघा.’ म्हणून एका दुपारी नाना पेठ.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या गल्ल्यांमध्ये गाडी घेऊन शिरायचं धाडस करू नका, चालतच जा. छोटी छोटी दुकानं, छतापर्यंत खोकी, काउंटरवर तेलकट डाग पडलेली वही. गाडीचं नाव, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल एवढं सांगायचं. मुलगा शिडीवर चढतो आणि एका मिनिटात खोकं खाली येतं. किंवा येत नाही, आणि दुकानदार म्हणतो, ‘मागवावं लागेल. दोन-चार दिवस.’

स्वस्त गाडीची दुसरी किंमत म्हणतात ती हीच. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्यांच्या जुन्या गाड्या किमतीच्या मानाने दणकट आणि भरलेल्या मिळतात. शौकीन माणसाने जरूर घ्याव्यात, पण पार्ट शोधायची हौस हवी. दुसरीकडे मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलंय, तरी तिची केबल किंवा ब्रेक शू मागितला तर बहुतेक काउंटरवर मान होकारार्थी हलते. रस्त्यावर जी गाडी जास्त, तिचे पार्ट जास्त आणि ते बसवणारे हातही जास्त. पाटणला किंवा कोयनानगरला गाडी अडली तर तिथल्या मेकॅनिकने ती आधी शंभर वेळा उघडलेली असली पाहिजे, ही माझी साधी अट.

तिथेच यादी आखडली. पेट्रोल हॅचबॅक, एक लिटरच्या आसपासचं इंजिन, आणि सीट उंच, म्हणजे आईला गुडघा न दुमडता आत सरकता येईल. थोडक्यात, वॅगन-आर. २०१० नंतरच्या एक लिटरच्या इंजिनाला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, हा आणखी एक मुद्दा. बेल्ट असलेल्या इंजिनात तो ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. जुन्या मालकाने बदलला नसेल आणि चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. चेन त्या मानाने निवांत. फक्त इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं हवं.

कऱ्हाड : एक वही

तिसऱ्या रविवारी पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली. सोबत काका. त्यांच्या दिवसाचे दीड हजार आणि जेवण, असं ठरलेलं. (हा खर्च कुठेही वाचवू नका.) कात्रज, खंबाटकी, सातारा मागे टाकत साधारण १६० किलोमीटरवर कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत, निवृत्त शिक्षकांच्या अंगणात गाडी उभी होती. २०१३ ची वॅगन-आर, चंदेरी, १ लाख ३८ हजार किलोमीटर. पॉलिश नाही, परफ्यूम नाही. बंपरवर ओरखडा तसाच.

‘या की, बसा. आधी चहा घ्या, गाडी काय पळून जात नाही,’ सर म्हणाले. काकांनी तोवर बॉनेटला हात लावला होता. थंड. आमची पहिली मार्कं तिथेच पडली.

चहाबरोबर सरांनी एक शंभर पानी वही समोर ठेवली. त्यात बारा वर्षांचा हिशेब, निळ्या शाईत. तारीख, मीटरचं रीडिंग, किती पेट्रोल, कधी ऑइल, कधी बॅटरी. मुलगी कोल्हापूरला दिली होती आणि साताऱ्याला पतसंस्थेचं काम असायचं. बहुतेक किलोमीटर हायवेचे, पाचव्या गिअरमधले. मीटर फिरवणारा माणूस एक आकडा बदलू शकतो, बारा वर्षांच्या पेट्रोलच्या नोंदी कशा बदलणार? आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे रात्रीचं चालवणं बंद, म्हणून गाडी विकायची.

वही वाचून भारावून जायला होतं, पण काका भारावले नाहीत. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. कॉफीसारखा पांढरट फेस दिसला तर कूलंटचं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय अशी शंका घ्यायची. तसं काही नव्हतं. थंड स्टार्ट एका चावीत. मागे निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल खात नाही. दरवाजाचं रबर ओढून आतले स्पॉट वेल्ड पाहिले, कंपनीचेच. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग शाबूत. सगळ्या काचांवरचे वर्षाचे कोड जुळणारे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रेघ नाही.

मग पाटण रोडने टेस्ट ड्राइव्ह. तिथे गाडीने आपलं वय सांगितलं. चढावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग मागाहून. क्लच प्लेट संपत आलेली. खड्ड्यावर पुढून डाव्या बाजूने टकटक. टायरवर चार आकडे : ३११८. म्हणजे २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक आणि बाजूला बारीक चिरा. ब्रेक सरळ रेषेत लागत होते, पण पेडल जरा खोल जात होतं.

परतल्यावर काकांनी वहीच्याच मागच्या पानावर हिशेब मांडला. चार टायर १६,०००. क्लच ७,५००. पुढचं सस्पेन्शन ६,०००. ब्रेक पॅड, शू आणि ब्रेक ऑइल ३,५००. बेल्ट, कूलंट आणि पेट्रोलचे रबरी पाइप ३,०००. हे पाइप का? पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि तेव्हाच्या गाड्या वीस टक्क्यांचा विचार करून बनलेल्या नव्हत्या. एकूण ३६ हजार.

सर म्हणत होते एक नव्वद. मी वहीतलं पान त्यांच्यासमोर सरकवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग हसून म्हणाले, ‘बेरीज बरोबर आहे.’ सौदा १ लाख ५८ हजाराला तुटला. डागडुजीसह १ लाख ९४ हजार. हातात सोळा हजार, ट्रान्सफर आणि इन्शुरन्ससाठी.

कागदांचा घाट

पैसे मात्र त्या दिवशी दिले नाहीत. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला तर आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसत होता. सरांनी कर्ज कधीच फेडलं होतं, बोजा उतरवायचं राहून गेलं होतं. असं खूप जणांचं होतं. मी पाच हजार टोकन दिलं, त्याची साध्या कागदावर सही घेतली आणि ठरलं की बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ भरून बोजा उतरला की बाकीचे पैसे. तीन आठवडे गेले. सर दर दोन दिवसांनी फोन करून ‘आज बँकेत गेलो होतो, बाळ’ म्हणायचे.

मग फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या. कऱ्हाड आणि पुणे ही आरटीओची दोन कार्यालयं, त्यामुळे कागद दोन्हीकडे फिरले, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओच्या खेपा झाल्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही आणि एमएच-५० हा नंबरही तोच राहतो, हे सुख.

विकणाऱ्याने तर नाव बदलायची घाई जास्त करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केलंय, की गाडी विकून टाकली तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. ‘राहू दे हो, नंतर करू ट्रान्सफर’ म्हणणारा यार्डवाला तुमचा मित्र नाही.

आणखी एक तारीख डायरीत लिहिली : २०२८. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. पुढे चालवायची तर तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. कारचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० वर गेलं. म्हणजे मी तीन-चार वर्षांची गाडी घेतलीय, जन्माची नाही. दीड लाखाला एवढ्या वर्षांनी भागलं की ती स्वस्त आहे की महाग, हे कळतं. माझ्या बाबतीत दोन महिन्यांतून एकदाचं भाडं वाचलं तरी गणित जमत होतं. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास घालवणाऱ्याला मात्र मी हीच गाडी सुचवणार नाही. तिचे उरलेले किलोमीटर हायवेचे आहेत, सिग्नलचे नाहीत.

काम सगळं झाल्यावर पहिली फेरी चिपळूणची. कुंभार्ली उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक, पाय पेडलवर फक्त वळणाला. आईला घेऊन येताना पोफळीच्या पुढे चढ सुरू झाला, तशी ती हँडल घट्ट धरून बसली. तिसऱ्या वळणानंतर तिने हात सोडला आणि पर्समधून आवळा सुपारी काढली. माझ्या तीन वीकेंडचा रिझल्ट तो होता.

चावी घेण्याआधी...

* गाडी सकाळी, थंड असताना बघा. बॉनेट गरम असेल तर थांबा किंवा परत जा.
* सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा.
* किलोमीटरला वर्षांनी भागा. खूप कमी आकडा हीसुद्धा चौकशीची गोष्ट.
* टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.
* घरून निघण्याआधी वाहन पोर्टलवर मालक कितवा, बोजा, इन्शुरन्स आणि पीयूसी तपासा. ई-चलनांची थकबाकीही बघा.
* एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवलीय का, तेही पाहा.
* इन्शुरन्स आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबरच जातो.
* किमतीच्या वीस-पंचवीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ती उरत नसेल तर त्याहून स्वस्त गाडी शोधू नका, दोन महिने थांबा.